मक्यापोटी बसवलेला मुनीम

आमच्या गावात व्यापाऱ्याला माल उधारीवर दिला की त्याचा मुनीम गावात बसवून घ्यायची पद्धत आहे. खळ्यावरून मक्याच्या गाड्या भरून निघतात, शेठ आपल्या कारने बुऱ्हाणपूरला परततो आणि त्याचा माणूस आमच्यापैकी कुणाच्या तरी ओट्यावर राहतो. पैसे खात्यात जमा झाले की तो जातो. याला कोणी ओलीस म्हणत नाही. मी एकदा तो शब्द वापरला, तेव्हा आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ, आमचे शेजारचे काका, माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू कॉलेजात मी हेच शिकून आलोय. "पाहुना हाये तो," ते म्हणाले. पाहुण्याच्या चपला तेवढ्या आम्ही ओट्यावर राहू देत नाही, आत नेऊन ठेवतो. उन्हानं खराब होतात म्हणून.

गाव तापीच्या काठी, बुऱ्हाणपूरपासून मोटरसायकलवर वीस मिनिटं. केळी हे आमचं खरं पीक. लग्नं, घरं आणि सरपंचकी केळीच्या पैशावर होतात. मका मधल्या काळात घ्यायचा आणि उन्हाळ्यात त्याचे पैसे आले की त्यातून जूनच्या लागवडीची रोपं घ्यायची. मक्याचे पैसे लांबले तर रोपं चुकतात आणि रोपं चुकली तर पुढचं दीड वर्ष चुकतं.

मंडीत माल नेला तर पैसे त्याच दिवशी मिळतात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी मंडीत जाणारा माणूस आमच्याकडे थोडा कमी समजला जातो. तिथे ट्रॉली लावून दोन दिवस उन्हात बसा, हमालाला चहा पाजा, लिलावाच्या वेळी कुणीतरी दोन दाणे दाताखाली फोडून "गीला है" म्हणणार, ते ऐकून घ्या. त्यापेक्षा खळ्यावर येणारा व्यापारी बरा. तो आपल्याला दादा म्हणतो. मंडीपेक्षा क्विंटलमागे ऐंशी रुपये जास्त देईन म्हणतो. देतो की नाही हे पुढचं पुढे. म्हणतो, हे काय कमी आहे?

पैसे बुडू नयेत म्हणून गावानं आजवर काय काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. पूर्वी व्यापाऱ्याची पत त्याच्या गाडीवरून ठरायची. नवी गाडी असली तर माणूस कर्जात आहे, जुनी असली तर कंगाल आहे, म्हणून मधल्या गाडीवाल्याला माल जायचा. असे दोन मधल्या गाडीवाले पसार झाल्यावर चेक घ्यायची टूम निघाली. ते चेक अजून कित्येकांच्या घरी देवाच्या फोटोमागे आहेत आणि दर दिवाळीला त्यांच्यावरची धूळ झटकली जाते. मग असं ठरलं की पहिला माल एकानं द्यायचा, त्याचे पैसे आले की दुसऱ्यानं, आणि मग बाकीच्यांनी. त्या वर्षी गावात प्रत्येकाला तिसरं व्हायचं होतं. पहिला कोणीच निघाला नाही. मका खळ्यावरच राहिला आणि त्याला सोंडे लागले.

मुनीम बसवणं हा या सगळ्यातून गाळून उरलेला उपाय. चार-पाच हंगाम तो चालला. कधी तिसऱ्या दिवशी पैसे यायचे, कधी पाचव्या. गावाला वाटलं, सापडली युक्ती.

आता थोडं माझ्याविषयी सांगावं लागेल, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात खोली करून तीन वर्षं बी.कॉम. केलं. त्या तीन वर्षांत माय रोज सकाळी भाकरी करायची आणि आबा डबा दुधाच्या गाडीबरोबर पाठवायचे. एक दिवस खाडा नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर आबा डबा डोक्यावर धरून पलीकडे जायचे. आज मी एका शाळेत अकाउंट्स शिकवतो, तो त्या डब्यांच्या जिवावर. पण एवढ्या भाकरींची फेड कशी करावी, ते मला कळत नव्हतं. शेतात माझा उपयोग नाही. मी पाणी भरायला गेलो तर आबांना दोनदा जावं लागतं, एकदा माझ्याबरोबर आणि एकदा नंतर. म्हणून कागदाचं काही काम निघालं की मी हावऱ्यासारखा पुढे व्हायचो.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीत घरी होतो, तेव्हा तो शेठ आला. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात त्याचं दुकान. पांढरा शर्ट, गाडी मधली. गावानं एकमेकांकडे पाहिलं. खळ्यावर खाट टाकली, चहा झाला, शेठनं आबांच्या मक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "क्या माल है दादा! असा मका तर मंडीत दाखवायला पण मिळत नाही."

आबा विरघळले. चार एकरांतला मका होता, नव्वद क्विंटलच्या वर. जूनच्या पहिल्या आठवड्यात केळीची टिश्यू कल्चरची पाच हजार रोपं येणार होती. आबांनी त्यांची थोडी रक्कम आधी भरली होती, बाकीची रोपं उतरताना द्यायची. त्या दिवशी पैसे नसले तर रोपं यादीतल्या पुढच्या माणसाच्या शेतात जाणार आणि भरलेली रक्कमही जाणार. नंबर लावायला आबा डिसेंबरात गेले होते.

"पैसे आठ दिवसात," शेठ म्हणाला. "मुनीम ठेवून जातो. तुमची पद्धत मला ठाऊक आहे."

हे ऐकून काका खूश झाले. "बघ, आपली पद्धत बुधवाऱ्यात बी पोचली."

त्यांना तो धोक्याचा इशारा वाटायला हवा होता. अभिमान वाटला.

मी म्हणालो, नुसतं बोलणं नको, करार करू. करार कायद्याच्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. मी स्टॅम्प पेपर आणला. शेठचं पॅन पाहिलं, आधार पाहिलं, मंडीचं लायसन पाहिलं, जीएसटीचा नंबर मोबाइलवर टाकून खरा आहे का तेही पाहिलं. गाव माझ्याभोवती उभं राहून बघत होतं. आबांनी कुणाला तरी हळूच सांगितलं, "सगळं इंग्लिशमधी वाचून राहिला." माझी मान ताठ झाली. मग मी माझं सर्वांत लाडकं कलम लिहिलं. पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत खरेदीदाराचा प्रतिनिधी गावात मुक्कामास राहील आणि त्याच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था शेतकरी करतील.

दुसरा भाग लिहिताना मी थबकलो होतो. जेवणाचा खर्च शेठकडे टाकावा का, असं विचारलं. काका उसळले. "पाहुन्याच्या भाकरीचे पैसे घ्याचे? शिकून हेच काय रे?"

मी ओशाळलो. शेठनं न वाचता सही केली आणि मला वाटलं, माझ्यावरचा विश्वास म्हणून.

मुनीमजी पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्यात रुमाल, हातात एक पिशवी. गावातल्या तेरा जणांचा मका घेऊन गाड्या गेल्या आणि ते आमच्या ओट्यावर बसले. चपला आत गेल्या.

पहिल्या दिवशी माझ्या मायनं वरण-बट्टी केली. दुसऱ्या दिवशी काकांकडे पुरणपोळी आणि रस. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या घरी मांडे झाले, आणि मग ते हाताबाहेर गेलं. तेरा घरं होती. प्रत्येक घराला कालच्या घरापेक्षा वर जायचं होतं. एकीनं तुपातला गोड दराबा केला. दुसरीनं "तुमाले काय आवडते ते मोकळ्या मनानं सांगा" असं विचारलं आणि मुनीमजींनी खरोखर सांगितलं. ते दुपारी झोपत, संध्याकाळी पारावर बसून म्हाताऱ्यांशी पत्ते खेळत. पाचव्या दिवशी त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला आणि नवव्या दिवशी कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

मधे अमावस्या आली. मुनीमजी म्हणाले, तापीच्या राजघाटावर स्नान करायचा माझा नेम आहे. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आणि एकट्याला पाठवायचं कसं? तीन मोटरसायकली निघाल्या. एक पुढे, एक मागे, मुनीमजी मधल्या गाडीवर काकांच्या मागे. घाटावर ते पाण्यात उतरले तेव्हा आमच्यातला एक वरच्या पायरीवर आणि दोघे कमरेएवढ्या पाण्यात. पंड्याला वाटलं कोणी मोठे महाराज आहेत. तो मुनीमजींच्या पाया पडला. येताना आम्ही त्यांना मावा जिलेबी खायला घातली, कारण उपाशीपोटी घाटावरून परत आणणं बरं दिसत नाही.

आठ दिवस झाले. पैसे नाहीत. मी शेठला फोन लावला.

"सर, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. पार्टीकडून आलं की सबसे पहले तुमचं." तो मला सर म्हणत असे. त्यामुळे मला त्याच्याशी जोरात बोलता येत नसे.

दहाव्या दिवशी रोपवाल्या कंपनीचा फोन आला. तीन दिवसांनी गाडी येणार होती. आबांनी जेवण अर्धवट टाकलं. खड्डे खणून तयार होते, ते जाऊन पुन्हा मोजून आले. मुनीमजी त्याच वेळी ओट्यावर तिसरी पोळी घेत होते. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला तीन वर्षांचे डबे आठवले.

अकराव्या दिवशी सकाळी मी आणि आबा बुधवाऱ्यात गेलो. शेठनं गादीवर बसवलं, पंखा आमच्याकडे फिरवला, चहा मागवला. आबा म्हणाले, "शेठ, परवा रोपं येतीन. पैसे लागतेत."

"मिळणार ना दादा. तुमचे पैसे कुठे जातात?"

"आठ दिवस म्हणलं होतं."

शेठ हसला. "दादा, मुनीम तुमच्याकडेच बसला आहे ना?"

"हाव."

"मग टेन्शन कशाचं? पद्धत तुमची, माणूस माझा. मी पळालो का?" मग त्यानं आवाज खाली आणून आपुलकीनं विचारलं, "त्याची तब्येत बरी आहे ना? इथे असताना त्याला अॅसिडिटी होती."

आबांनी सांगून टाकलं की आता बरी आहे. मी करार काढायला पिशवीत हात घातला. पण त्यात तारीखच नव्हती हे मला तिथे, त्या गादीवर बसल्यावर, पहिल्यांदा लक्षात आलं. पैसे येईपर्यंत मुनीम राहील, असं लिहिलं होतं. मुनीम राहत होता. शेठ करार तंतोतंत पाळत होता.

परत आलो तेव्हा माय ओसरीत शेंगा सोलत बसली होती. मुनीमजी पारावर पत्ते खेळायला गेले होते, दोन माणसांच्या देखरेखीत.

"भेटले पैसे?" तिनं विचारलं.

आबा पाणी प्यायले.

"म्हनजे नही." शेंगा सोलणं चालूच. "हा मुनीम शेठचा कोन लागते?"

"मुनीम लागतो," मी म्हणालो.

"ते नही. सोयरा कोन? मागच्या सालचा साला होता. त्याच्या आधीचा भाचा होता, त्याची मामी रोज रडत फोन करे, माह्या भाच्याले भाकरी पचत नही म्हने. चौथ्या दिवशी पैसे आले. ह्याले फोन करनारं कोन हाये?"

तिनं एक शेंग सोलून सुपात टाकली.

"मी इचारलं त्याले. कोनी नही लागत. आठ महिने झाले नोकरीले, दोन महिन्याचा पगार नही. शेठनं त्याले इथं बसवला तं त्याची भाकर वाचली. कोनाची म्हैस हाये हे न इचारता दावनीले बांधून घेतली तुमी, आन् चारा घालून राहिले."

तेरा घरांनी मिळून शेठच्या गाडीची किंमत, कपडे, पॅन, आधार, जीएसटी सगळं पाहिलं होतं. जी वस्तू तारण म्हणून घेतली ती त्याची स्वतःची आहे का, हे पाहिलं नव्हतं. सराफाकडे साधी अंगठी ठेवायला गेलं तरी तो एवढं विचारतो.

"आन् अजून एक," माय म्हणाली. "शेठ त्याले रोज सकाळी फोन करते. जेवला का नही इचारत, कसा हायेस नही इचारत. नंबर मांगते. हा मोबाइलमधी पाहून सहा आकडे सांगते, तो फोन ठेवते."

हे मीही रोज ऐकलं होतं. आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पीत मुनीमजी चार, आठ, एक असं काही मोठ्यानं म्हणत. बँकेचं काही असेल असं समजून मी पेपर वाचत असे. आता मी पारावर गेलो आणि विचारलं.

"वो? वो गाडीचं बिल काढायला," मुनीमजी पत्ता टाकत म्हणाले. त्यांनी लपवलं काहीच नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. "माल महाराष्ट्रात फॅक्टरीला जातो ना. ऑनलाइन बिल काढलं की माझ्या मोबाइलवर नंबर येतो, तो टाकल्याशिवाय बिल निघत नाही, आणि बिलाशिवाय गाडी सीमेपलीकडे जात नाही. पहिल्यांदा सगळं मीच भरलं होतं, म्हणून माझाच मोबाइल जोडलेला आहे."

"कोणाचा माल?"

"तुमचाच. आणखी कोणाचा?"

"किती गाड्या गेल्या?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "सगळ्या गेल्या समजा. दोन राहिल्या. उद्या जातील."

म्हणजे अकरा दिवस आमचा मका आमच्या ओट्यावरून जात होता आणि आम्ही त्याला रस वाढत होतो. पारावरचे म्हातारे हातातले पत्ते धरून तसेच बसले. काका म्हणाले, "फोन घ्या त्याच्या हातातून!"

"कोनी काही घेनार नही," माझ्या मागून मायचा आवाज आला. ती पाराजवळ सहसा येत नाही. "मुनीमभाऊ, इकडे या. चहा घ्या."

ओट्यावर चहा झाला. माय म्हणाली, "भाऊ, उद्या नंबर नका सांगू."

मुनीमजींची कपबशी खाली आली. "भाभी, नोकरी जाईल माझी."

"कोनती नोकरी? पगार भेटते तिले नोकरी म्हन्तेत. फुकट करते तिले भक्ती म्हन्तेत. शेठ काय देव हाये?"

मुनीमजी हसले नाहीत. बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "मी खोटं नाही बोलणार, भाभी. त्यानं विचारलं तर मला नाही म्हणता येत. ती सवयच नाही."

त्या संध्याकाळी गावानं खूप चर्चा केली आणि काही ठरलं नाही. आबा त्यात बसलेच नाहीत. ते ठिबकच्या नळ्या धूत होते, रोपं येणार असल्यासारखे.

सकाळी साडेआठला मुनीमजींनी खांद्यावर टॉवेल टाकला, मोबाइल ओट्यावर मधोमध ठेवला आणि मायला म्हणाले, "मी आंघोळीला चाललो. आज जरा वेळ लागेल."

त्या दिवशी मुनीमजींनी दोन तासांच्या वर आंघोळ केली. मोरीत पाण्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता. बाहेर तेरा घरांची माणसं त्या मोबाइलभोवती गोल करून बसली होती. तो थरथरायचा, ओट्यावर दोन बोटं सरकायचा, थांबायचा. मग मेसेज यायचा, त्यात सहा आकडे. काका डोळे मिटून घेत. "कोनी वाचू नका रे! तोंडातून निसटीन कोनाच्या." पुन्हा फोन, पुन्हा नवे सहा आकडे. एकवीस वेळा वाजला. शेवटी आबांना राहवलं नाही, त्यांनी तो उताणा होता तो पालथा केला.

साडेदहाला मधली गाडी आली. शेठ घामाघूम. "मुनीमजी कुठे आहे?"

"आंघोळीला," आबा म्हणाले.

"आत्ता?"

"हाव. तुमी बसा ना शेठ. चहा घ्या. टेन्शन कायले घेता? माणूस तुमचाच हाये."

शेठ बसला नाही. दोन गाड्या भरून गोदामासमोर उभ्या होत्या, ड्रायव्हर तासांवर पैसे मागत होते, आणि फॅक्टरीच्या फाटकावर आज नंबर लागला नाही तर पुढचा चार दिवसांनी. हे सगळं त्यानं आम्हाला सांगितलं, आम्ही त्याचे भागीदार असल्यासारखं. मग म्हणाला, "करतो आहे पेमेंट. आत्ता, इथेच बसून करतो."

म्हणजे सर्व्हर चालू होता. शेठ खाटेवर बसला, मी एकेकाच्या पासबुकावरून नंबर वाचू लागलो. मध्येच त्यानं करार मागितला, कुठल्या दरानं ठरलं ते बघायला. त्यानं तो बहुतेक पहिल्यांदाच वाचला. "छान लिहिलंय. कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. एवढं सगळं झाल्यावरही मला बरं वाटलं, हे लपवून उपयोग नाही.

"यात ओलाव्याचं काही नाही," शेठ म्हणाला आणि ओलाव्यापोटी क्विंटलमागे नव्वद रुपये कापले. ऐंशी जास्त, नव्वद कमी. मंडीत "गीला है" ऐकायला लागू नये म्हणून एवढं केलं आणि तेच आमच्या ओट्यावर, दादा म्हणवून घेऊन ऐकलं. काका भांडायला उठले. आबांनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. रोपं उद्या येणार होती.

तेराव्या घरापर्यंत पैसे आले. प्रत्येकाचा मोबाइल वाजला की तो उठून थोडा बाजूला जाऊन पाही. आतला पाण्याचा आवाज थांबला.

माय दारात आली. "शेठ, याचा पगार."

"तो आमच्या घरचा मामला आहे, ताई."

"घरचा? मंग बारा दिवस कोनाच्या घरी जेवला?"

शेठनं तोही दिला. बहुधा त्याला तिथून लवकर निघायचं होतं. मुनीमजी केस पुसत बाहेर आले, मोबाइल उचलला, नुकताच आलेला मेसेज पाहिला आणि शेठला सहा आकडे सांगितले. मग मोबाइल डोळ्यांजवळ धरून आपल्या पगाराचा मेसेज दोनदा वाचला. मायनं त्यांच्या चपला आणून दिल्या, सोबत लोणच्याची बरणी. शेठनं गाडीचं दार उघडलं. मुनीमजी म्हणाले, "मी दुधाच्या गाडीनं येतो." ते बुधवाऱ्यात परत गेले की नाही, मला कळलं नाही.

मी त्या संध्याकाळी हिशेब मांडला. पुरणपोळ्या, दराबा, मावा जिलेबी आणि तीन मोटरसायकलींचं पेट्रोल धरून आमचा मका मंडीच्या भावापेक्षा बऱ्यापैकी खाली गेला होता. तो कागद मी काकांना दाखवला. त्यांनी नीट वाचला. म्हणाले, "म्हनजे पद्धत बरोबर हाये. फक्त साला पाहून घ्याचा." आणि पुढच्या हंगामाचा करार लिहायला मलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपांची गाडी घरासमोरच्या बांधावर लागली. ट्रेमधे एकसारखी हिरवी रोपं, वर ओली जाळी. आबा डोक्याला रुमाल बांधून तयार होते, मजूर तयार होते. गाडीवरचा माणूस खाली उतरला, पण मागचं फळकं त्यानं उघडलं नाही.

"दादा, आधी पेमेंट. मग ट्रे खाली."

आबांचा चेहरा लाल झाला. "अरे, मी काय पळून चाललो? हे शेत घेऊन पळीन? माणसाचा भरोसा नही का तुले?"

"तसं नाही दादा. मागच्या गावात तीन हजार रोपं उतरवली, म्हणाले मका विकला की देतो. अजून फिरतो आहे."

"आमच्या घराची आब माहीत हाये का?"

"माहीत आहे ना. म्हणूनच घरासमोर गाडी आणली."

मी मोबाइल काढला आणि पैसे पाठवायला लागलो. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. ऊन चढत होतं. आबांनी हौदातून बादली आणून जाळीवरून पाणी मारलं, अजून आपली न झालेल्या रोपांवर. माणूस म्हणाला, "होईल, होईल. सर्व्हर असेल. तोवर मी बसतो सावलीला." आणि गाडीच्या पायरीवरून उठून तो आमच्या ओट्याकडे निघाला.

आतून मायनं विचारलं, "पाहुना हाये का? जेवन टाकू?"

आबांची बादली हातातच राहिली. ते त्या माणसाकडे बघत होते. तो ओट्यावर बसून, पाय लांब करून, चपला काढत होता.

"पानी दे," आबा म्हणाले. "नुसतं पानी."